बोगद्यातल्या भुताची जात

कालका ते शिमला या डोंगरी रेल्वेमार्गावर बरोग नावाचे लहानसे स्टेशन आहे. स्टेशनला लागूनच ३३ क्रमांकाचा बोगदा आहे. लांबी ११४३ मीटर, त्या मार्गावरचा सर्वांत लांब. गाडी त्यातून आजही जाते. पण आपली पोरे रात्री दोन वाजता पांघरुणात मोबाइल धरून ज्या बोगद्याचे व्हिडिओ बघतात, तो हा नव्हे. तो तिथून साधारण किलोमीटरभर अंतरावर आहे. अर्धवट खोदून सोडून दिलेला, झाडीत दडलेला, आत पाणी ठिबकणारा.

त्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. कर्नल बरोग नावाचा एक इंग्रज अभियंता होता. वेळ वाचावा म्हणून त्याने डोंगर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी खोदायला घेतला. हिशेब चुकला आणि दोन टोके आत जुळलीच नाहीत. सरकारने त्याला एक रुपया दंड केला. हा अपमान साहेबाला सोसला नाही. आपल्या कुत्र्याला घेऊन तो फिरायला म्हणून निघाला आणि त्याने स्वतःला गोळी घातली. त्याला त्या अर्धवट बोगद्याजवळच पुरले आणि तेव्हापासून साहेब तिथे फिरतो. कोणी सांगते कण्हण्याचा आवाज येतो, कोणी सांगते साहेब सज्जन आहे, कोणाला त्रास देत नाही, उलट थांबून बोलतो. गावाला नाव त्याचे, स्टेशनला नाव त्याचे, बोगद्याला नाव त्याचे आणि भूतही त्याचेच.

मला या गोष्टीतले भूत दचकवत नाही. दचकवते ते एक वाक्य, जे सांगणारा सहज बोलून जातो: साहेबाने डोंगर दोन्ही बाजूंनी खोदला. साहेबाने? साहेबाच्या हातात पहार होती का? डोक्यावर घमेले होते का? सुरुंगाची वात पेटवून अंधारात पळत बाहेर कोण येत होते? जो बोगदा चुकीच्या दिशेने गेला, त्यातला दगडही कोणीतरी फोडलाच होता. चुकीचा दगड बरोबर दगडापेक्षा मऊ नसतो. ती माणसे कोण होती, कुठून आली होती, बोगदा फसल्यावर त्यांचे काय झाले, हे दंतकथा विचारत नाही. साहेबाचा एक रुपया तिने सव्वाशे वर्षे जपून ठेवला. मजुरांच्या बुडालेल्या घामाचा मात्र तिच्याकडे एका ओळीचाही हिशेब नाही.

गोष्टीचा उत्तरार्ध त्याहून बोलका आहे. पुढे हॅरिंग्टन या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली नवा बोगदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९०३ रोजी मार्ग सुरू झाला. नवी दिशा दाखवली ती भलकू नावाच्या एका स्थानिक माणसाने. हा चैलजवळच्या झाजा गावचा. असे सांगतात की भलकू हातातली काठी डोंगरावर आपटायचा, कान लावून आवाज ऐकायचा आणि इथून खोदा म्हणून खूण करायचा. त्याच्या खुणांमागोमाग इंग्रजांचे अभियंते चालायचे.

आता याला समाजशास्त्राच्या वर्गात काय म्हणायचे? आयुष्यभर त्या डोंगरात वावरलेल्या माणसाला दगडाची जात कळते, पोकळ कुठे आणि भरीव कुठे ते आवाजावरून कळते, पाण्याची वाट कळते. हे ज्ञान आहे. आपल्या गावातले वडार आजही दगडावर हातोडा टाकून आवाजावरून सांगतात की हा फुटेल कसा. पण भलकूच्या या ज्ञानाला लोकांनी नाव दिले दैवी शक्ती. तो झाला बाबा भलकू, साधुपुरुष, चमत्कारी. म्हणजे साहेबाला चुकीचे आले तरी ते अभियांत्रिकी आणि भलकूला बरोबर आले तरी तो चमत्कार! ज्याला शिकू दिले नाही त्याचे ज्ञान ज्ञान म्हणून मान्य करायचे नसले की त्याला देवत्व देऊन मोकळे व्हायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. शिमल्यातल्या रेल्वे संग्रहालयाला भलकूचे नाव मिळायला २०११ साल उजाडावे लागले.

ही झाली हिमाचलची गोष्ट. आपल्या दारातला डोंगर याच्या चाळीस वर्षे आधी पोखरला गेला.

बोरघाट. पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना आपण खंडाळा-कर्जत दरम्यान अंधार-उजेडाचा खेळ बघतो, पोरे बोगद्यात ओरडतात, कोणी वडापाव घेते. हा घाट १८५६ ते १८६३ या काळात झाला. सुमारे २५ किलोमीटर लांबी, १८३१ फूट चढ, २५ बोगदे. १८६१ च्या सुरुवातीला या कामावर एका वेळी ४२ हजारांहून जास्त माणसे होती. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातून आलेली भूमिहीन कुटुंबेच्या कुटुंबे. त्यात महार होते, मांग होते, वडार होते, कुणबी होते. पुरुष सुरुंगाला, बाई घमेल्याला, पोर मातीला. घाटात पटकीची साथ आली ती याच माणसांच्या झोपड्यांत. प्यायला धड पाणी नाही, हगायला आडोसा नाही, अशा दाटीत पटकी यायला भुताखेताची गरज नव्हती.

या बांधकामात मेलेल्यांचा २५ हजार हा आकडा वारंवार सांगितला जातो. आकडा नीट बघा. मोजलेला आकडा इतका गोल नसतो. २५ हजार याचा अर्थ कोणी मोजले नाही, नंतर कोणीतरी अंदाज केला. याच घाटात सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार १८५९ मध्ये आला आणि आल्यानंतर थोड्याच दिवसांत मेला. त्याच्या मृत्यूची नोंद आहे. त्याच्यानंतर त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवला, याचे कौतुक रेल्वेच्या इतिहासात आजही लिहिले जाते. कौतुकाबद्दल तक्रार नाही. पण त्याच डोंगरात नवरा गमावून दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेले उचलणाऱ्या बायका किती असतील? त्यांना ठेका नाही, नाव नाही.

आणि हे लोक मुकाट मेले असेही नाही. ट्रेडवेलच्या आधीचा ठेकेदार फॅव्हिएल याच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून घाटातल्या मजुरांनी उठाव केला होता. वरचा ठेकेदार, त्याखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली मजूर, ही उतरंड तेव्हाही होती आणि पैसा वरच्या पायरीवरच मुरत होता. हिंदुस्थानातल्या रेल्वे मजुरांच्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक. आपल्या किती कार्यकर्त्यांना तो माहीत आहे? खंडाळ्याच्या घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते हे मात्र शेंबड्या पोरालाही माहीत असते.

घाटात गाडीची दिशा बदलण्याचे जुने ठिकाण होते, रिव्हर्सिंग स्टेशन. ते १९२९ मध्ये बंद पडले, मार्ग नव्या बोगद्यांतून गेला. त्या जुन्या मार्गाचे अवशेष आता पावसाळ्यात ट्रेकर मंडळींचे आणि रात्री भूत शोधणाऱ्यांचे ठिकाण झाले आहे. टॉर्च लावायचा, श्वास जोरात घ्यायचा, कॅमेरा हलवायचा, की झाला व्हिडिओ. ज्या भिंतीला हात लावून हे घाबरल्याचे नाटक करतात, त्या भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा कदाचित यांच्याच खापरपणजोबाच्या असतील, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

इथे मूळ मुद्द्यावर येतो. भूत होण्यासाठी सुद्धा समाजात पत लागते.

मराठी मुलखातली भुतांची यादी काढून बघा. मुंजा कोण? मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. त्याला पिंपळ राखीव. ब्रह्मराक्षस, ब्रह्मसमंध कोण? ब्राह्मणच. विद्वान, पण वासना राहिलेला. त्याची भीती वाटते आणि आदरही वाटतो, त्याच्याशी संस्कृतात बोलावे लागते म्हणे. खवीस म्हटला की तो बहुधा मुसलमान, दांडगट, क्रूर. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई, जिला जिवंतपणी सुईण वेळेवर मिळाली नाही आणि मेल्यावर जिचे पाय उलटे झाले. म्हणजे वर्णव्यवस्था स्मशानाशी संपत नाही, पिंपळाच्या शेंड्यापर्यंत जाते. वरच्या जातीचा मेला तर त्याला स्वतंत्र नाव, स्वतंत्र झाड, स्वतंत्र नैवेद्य. आपला मेला तर नुसती 'जागा वाईट'. पुरंदर किल्ल्याचा बुरूज उभा राहीना म्हणून एका महार जोडप्याला पायात जिवंत गाडले, अशी दंतकथा गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. ती खरी-खोटी काय ते इतिहासकारांनी बघावे. पण गाडलेल्या माणसांचे भूत तिथे मोठ्या मानाने वावरते असे कोणी सांगत नाही. बुरूज मात्र टिकला, असे सांगतात.

यावर आपल्यातलेच काही शिकलेले मित्र एक आक्षेप घेतात आणि तो मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, भुताच्या गोष्टी म्हणजे नुसती अंधश्रद्धा नव्हे, ती दडपलेल्यांची स्मृती आहे. सरकारी कागदात ज्यांना जागा मिळाली नाही ते लोककथेत भूत होऊन परत येतात, बोगद्यातल्या किंकाळ्या म्हणजे मेलेल्या मजुरांचा दावा आहे, तुम्ही विवेकवादाच्या नावाखाली ही शेवटची आठवणही पुसून टाकता. विद्यापीठात असताना मीही हा विचार वाचला आहे आणि त्यात तथ्य आहे. लोक एखादी जागा विसरत नाहीत, त्यामागे काहीतरी घडलेले असते.

पण मग बरोगच्या बोगद्यात मजुराचे भूत का नाही? स्मृती दडपलेल्यांची असेल तर ती दडपलेल्याला सोडून साहेबाला कशी चिकटली? लोककथा सुद्धा सत्तेकडे बघूनच घडते. आणि जिथे मजुरांच्या किंकाळ्या ऐकू येतात असे सांगतात, तिथेही त्या किंकाळीला नाव नसते, गाव नसते, थकलेल्या मजुरीचा आकडा नसते. असते ती फक्त भीती. भीती वाटली की माणूस तिथून पळतो. थांबून विचारत नाही की तुम्ही किती जण होता आणि कोणाच्या ठेक्यावर होता.

हा वाद पुस्तकी नाही. दोन वर्षांपूर्वी एका घाटमार्गावर रुळांच्या दुरुस्तीचे काम करणारा ठेक्यावरचा मजूर गाडीखाली गेला. गावाचे नाव देत नाही, कारण भरपाईचे प्रकरण अजून चालू आहे. आम्ही त्याच्या घरी पोहोचलो तो अकरावा दिवस होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि उंबऱ्यावर लिंबू-मिरची. शेजारीपाजारी एकच बोलत होते: त्या बोगद्याची जागा वाईट आहे, दर दोन-तीन वर्षांनी माणूस मागते. ठेकेदाराचा मुकादम तर त्या गोष्टीत सर्वांत पुढे. त्याने आधीच्या दोन मृत्यूंचे दाखले दिले, तारखांसह. एकाच ठिकाणी तीन माणसे मेली हे त्याला पाठ होते आणि त्यातून त्याने निष्कर्ष काढला होता भुताचा! कोणीतरी नातेवाईक त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करायला सांगत होता, अकाली मृत्यू आहे, आत्मा अडकला आहे म्हणून. घरात पैसे नव्हते, तर कर्ज काढायची तयारी चालली होती.

मी त्या बाईला एवढेच विचारले: वहिनी, ते काम करत असताना गाडी आली हे सांगायला शिट्टी घेऊन कोणी उभे होते का? ती म्हणाली, आधी एक माणूस असायचा, मग मुकादमाने कमी केला.

बघा, भूत कोणाच्या कामाला आले. वळणावरून दिसत नाही, बोगद्यात आवाज घुमतो म्हणून गाडी कोणत्या बाजूने येते ते कळत नाही, इशारा देणारा माणूस काढून टाकला. ही तीन मृत्यूंची साधी, सिद्ध करता येण्यासारखी कारणे. त्यांच्यावर 'जागा माणूस मागते' हे एक वाक्य टाकले की ठेकेदार सुटला, आणि विधवेवर वरून पूजेचे कर्ज. कामावर मेलेल्याच्या वारसाला भरपाई देणारा कायदा या देशात १९२३ साली आला. भुताने मारलेल्याला तो लागू होत नाही.

बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा का घातली, हे मला त्या घरात पुस्तकापेक्षा जास्त कळले. अडकलेल्या आत्म्याची कल्पना मान्य केली की त्याला सोडवणारा पुरोहित लागतो आणि पुरोहिताला दक्षिणा लागते. धम्म आत्माच मानत नाही, मग अडकणार कोण? काही जण लगेच पेतवत्थूचा दाखला देतात, की पाली वाङ्मयातही प्रेते आहेत. आहेत. पण बाबासाहेबांनी आपल्याला जो बुद्ध दिला तो विवेकाच्या कसोटीवर घासून दिला, आणि त्या कसोटीतून प्रेतांना सूट नाही.

हे फक्त खेड्यातल्या अडाण्यांचे आहे असेही समजू नका. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीचा दिवस. उत्तराखंडात सिलक्याराचा बोगदा कोसळला आणि ४१ मजूर १७ दिवस आत अडकले. पहिल्या काही दिवसांतच चर्चा सुरू झाली की बौखनाग देवाचे देऊळ कामासाठी हटवले म्हणून देव कोपला. लगोलग बोगद्याच्या तोंडाशी छोटे देऊळ मांडले गेले, परदेशी तज्ज्ञाने त्यापुढे हात जोडल्याचे फोटो देशभर फिरले, आणि सुटकेनंतर मुख्यमंत्र्यांनी देवाचे आभार मानून देऊळ बांधण्याची घोषणा केली. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पात आपत्कालीन सुटकेचा मार्ग धरलेला होता. तो मजुरांना मिळाला नाही, ही गोष्ट देवाच्या कोपात दडून गेली. शेवटी यंत्रे मोडल्यावर हातांनी उकरून वाट काढली ती रॅट-होल पद्धतीने काम करणाऱ्या मजुरांनी. त्यांत मुसलमान होते, दलित होते. चार दिवस त्यांचे हार-तुरे झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्यापैकी एकाचे दिल्लीतले घर बुलडोझरने पाडले. बरोगचा भलकू निदान बाबा तरी झाला.

रेल्वे आणि आपण यांचे नाते केवळ खाचखळग्याचे नाही, हेही सांगायला हवे. बलुत्यातून आणि येसकरकीतून बाहेर पडण्याची एक वाट रेल्वेने दिली. पण ती वाट कुठपर्यंत? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच मांडले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून जन्म काढतो, त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. याच परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्या बोगद्यापाशी मला हे दोन्ही शत्रू एकत्र दिसले. एक शिट्टीवाला माणूस कमी करत होता आणि दुसरा नागबळी सांगत होता.

जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे २०१३ मध्ये आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर त्यात गुन्हा आहे. तो वापरला पाहिजे. पण मुकादमाने सांगितलेल्या गोष्टीला कोणते कलम लावणार? तिथे कायदा पुरत नाही, तिथे मोजणी लागते.

कोकण रेल्वेचे उदाहरण मुद्दाम देतो. नव्वदच्या दशकात झालेल्या त्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि बांधकामात ७४ जणांचा जीव गेला. त्यांच्यासाठी रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक आहे. ७४ जीव थोडे नव्हेत आणि स्मारकाने कोणाची चूल पेटत नाही. पण ७४ हा मोजलेला आकडा आहे. बोरघाटाच्या वाट्याला असे काय आले? गोल आकडा आणि पांढऱ्या साडीतली बाई.

म्हणून माझी मागणी दोन भागांत आहे. खंडाळा किंवा कर्जत स्टेशनवर घाट बांधताना मेलेल्या मजुरांचे स्मारक झाले पाहिजे, आणि त्यावर त्यांच्या जाती-जमातींचा उल्लेख असला पाहिजे, नाहीतर 'अनाम वीर' म्हणून पुन्हा सगळ्यांना एकाच खड्ड्यात टाकतील. हे निवेदनाचे, मोर्चाचे काम आहे, ते आपल्याला येते. दुसरे काम निवेदनाने होणार नाही. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याचे एकोणिसाव्या शतकातले रेल्वेविषयक दप्तर आहे. मजुरीचे दर, ठेक्यांची भांडणे, साथीचे अहवाल अशाच कागदांत सापडतात. आतापर्यंत ते बहुतेक इंग्रज अभियंत्यांची चरित्रे लिहिणाऱ्यांनी चाळले. आपल्याकडे आता इतिहास आणि समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेली, मोडी शिकलेली मुले-मुली आहेत. जयंतीच्या वर्गणीतून एका वर्षी डीजेचा खर्च वगळला तर त्यांतल्या दोघांचा सहा महिन्यांचा मुंबईतला राहण्या-खाण्याचा खर्च निघतो. मी माझ्या वस्तीतल्या मंडळापुढे हा प्रस्ताव ठेवला आहे. तीन जणांनी हात वर केले, बाकीच्यांनी विचार करून सांगतो म्हटले.